भरतीरेषेची उलटतपासणी

नकाशाला वाङ्मय म्हणावे की नाही, याविषयी रसिकांत मतभेद होण्याचा संभव आहे. कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्राचे व शिल्पाचेही होते. नकाशाचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. तो कचेरीच्या कपाटात गुंडाळून ठेवला जातो, शाळेच्या भिंतीवर टांगला जातो किंवा निशाणी क्रमांक घेऊन न्यायालयात दाखल होतो. पण तो वाचला जातो असे म्हणवत नाही. आमच्या मते ही उपेक्षा अन्याय्य आहे. ज्या कृतीला कर्ता आहे, हेतू आहे, शैली आहे, आणि जिच्यात काय सांगावे व काय गाळावे याची निवड पदोपदी झालेली आहे, ती टीकेच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही. शिवाय एखादी कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते. नकाशा चुकीचा वाचला गेला तर एखाद्या गावाची जमीन जाते.

परीक्षणासाठी आम्ही खंबातच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्याचे, तापीच्या मुखाभोवतालच्या खाड्यांचे व दलदलीचे जुने स्थलनिर्देशक नकाशे घेतले आहेत, आणि त्यांच्या वाचनाचे केंद्र म्हणून कामरेज हे गाव निवडले आहे. सुरतेच्या ईशान्येस, मुंबई-अहमदाबाद हमरस्ता जेथे तापी ओलांडतो तेथे हे गाव आहे. मराठी वाचकाला ते अगदीच परके वाटू नये. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत कामरेज हा गायकवाडांच्या नवसारी प्रांतातील तालुका होता. जी तापी तेथून वाहते ती मुलताईस उगम पावून, खानदेश ओलांडून, ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवीत आलेली असते. खानदेशातून पोटासाठी सुरतेस गेलेली हजारो मराठी कुटुंबे याच नदीच्या व तिच्या खाड्यांच्या काठाने राहतात. कोकणी वाचकाचा संबंध निराळा असला तरी तितकाच जवळचा आहे. खाऱ्या पाण्याशी करार करून पिकवलेली जमीन म्हणजे काय, हे गोमंतकातील खाजनांच्या लोकांना सांगण्याची गरज नाही.

कामरेजचा कागदोपत्री इतिहास नकाशापेक्षा पुष्कळ जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या जलमार्गांचे जे वर्णन लिहिले, आणि जे आज ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते, त्यात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी उजव्या हातास ‘कम्मोनी’ नावाचे गाव व त्यासमोर एक धोक्याचा दांडा असल्याचे नमूद आहे. कम्मोनी म्हणजेच कामरेज असावे, असे मत काही संशोधकांनी मांडले आहे. सातव्या शतकातील चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय आहार’ असा प्रदेशाचा उल्लेख येतो, तोही कामरेजशी जोडला जातो. २००३ साली येथे झालेल्या उत्खननात प्राचीन वस्तीच्या व सागरी व्यापाराच्या खुणा हाती आल्या. पहिल्या शतकातील खलाशाला जे गाव आखाताच्या मुखाशी दिसले असे मानतात, ते आज समुद्रापासून इतके आत आहे की, नव्या पिढीला ते बंदर होते ही गोष्टच नवलाची वाटावी.

पेरिप्लसच्या कर्त्याने नकाशा काढला नाही. पण या किनाऱ्याचा स्वभाव त्याने नेमका हेरला होता. तेथील भरती-ओहोटीचा वेग, क्षणापूर्वी जेथे पाणी होते तेथे उघडा पडणारा तळ, आणि या फसव्या पाण्यातून परकी गलबते भडोचपर्यंत सुखरूप नेण्यासाठी राजाने नेमलेले स्थानिक कोळी, हे सारे तो सांगतो. किनाऱ्याची रेघ तो ओढत नाही. किनारा केव्हा कोठे असतो हे सांगतो. सतराव्या शतकातील गुजराती नाखव्यांच्या पोथ्या याच जातीच्या आहेत. पोर्तुगीजांमध्ये दों जुआंव द कास्त्रू यांनी १५३८-३९ च्या सुमारास गोव्याहून दीवपर्यंतच्या प्रवासाचे जे ‘रोतैरु’ लिहिले, त्यातही बंदरांच्या चित्रांना पाण्याच्या व भरतीच्या नोंदींची जोड आहे. खंबातच्या आखातात भिंतीसारख्या चालून येणाऱ्या भरतीसाठी पोर्तुगीज लेखक ‘मकारेव’ हा शब्द वापरीत. ज्या पाण्याला स्वतंत्र नाव द्यावे लागले, ते पाणी रेघेत मावणारे नव्हते.

यानंतर एकोणिसाव्या शतकातील मोजणीचे युग येते. १८३० नंतरच्या दशकात हिंदी आरमाराच्या लेफ्टनंट एथर्सी यांनी खंबातच्या आखाताची पाहणी केली. जमिनीवर भारतीय सर्वेक्षण विभागाने त्रिकोणमापनाच्या जाळ्यातून गुजरातचा प्रदेश मोजला, आणि १९०५ नंतर एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणावर रंगीत पत्रके छापण्याचे धोरण आले. या मालिकेत कामरेजपासून समुद्रापर्यंतचा पट्टा पाहण्यास तीन पत्रके शेजारी शेजारी मांडावी लागतात: कामरेजचे ४६ सी/१५, सुरतेचे ४६ सी/१६ आणि हजिरा, डुमस व सुवाळीचे ४६ सी/१२. प्रत्येक पत्रकात अक्षांश-रेखांशाची पंधरा पंधरा मिनिटे सामावतात.

गुणांविषयी प्रथम बोलणे न्याय्य होईल. ज्या काळी हजिऱ्याच्या खाजणात पाय घालताच माणूस गुडघ्यापर्यंत रुतत असे, त्या काळी साखळी, फलकयंत्र व दुर्बीण घेऊन खलाशांनी व सर्वेक्षकांनी हे काम केले. त्या श्रमाचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पत्रकांची अक्षररचना नीटस आहे. वस्ती, विहीर, तळे, देऊळ, दर्गा, पायवाट, बैलगाडीचा रस्ता यांची चिन्हे संयमाने बसवलेली असतात. पाण्याला निळा, शेतीला पिवळा, वनाला हिरवा, उंचीला तपकिरी, माणसाने बांधलेल्या गोष्टींना तांबडा व काळा, हा रंगांचा नियम पाळणारी ही पत्रके एका शिस्तबद्ध गद्यशैलीसारखी वाटतात. कोठेही अलंकार नाही, आणि तरी एक प्रकारची प्रसन्नता आहे. पूर्वी काय होते असे विचारणाऱ्याला या पत्रकांवाचून दुसरा आधार क्वचितच मिळतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण टीकाकाराने शैलीने भारून जाता कामा नये, आणि वकिलाने तर साक्षीदाराच्या स्वच्छ पोशाखाने मुळीच नाही. या साक्षीदाराला आम्ही चार प्रश्न विचारू इच्छितो.

पहिला प्रश्न असा: पाहिलेस ते केव्हा? सर्वेक्षण विभागाची पथके पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर पडत आणि एप्रिल-मे च्या सुमारास परतत. पावसाळ्याचे महिने मुख्यालयात आलेखनाचे असत. व्यवस्थेच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचे होते. पण त्याचा परिणाम असा की, या पत्रकांनी पावसाळा कधी पाहिलाच नाही. त्यांतली तापी हिवाळ्यातली व उन्हाळ्यातली तापी आहे. रुंद वाळूच्या पात्रातून वाहणारा एक निळा प्रवाह आणि त्याच्या दोन्ही बाजूंस ठिपक्यांनी दाखवलेली कोरडी वाळू. श्रावणातली तापी या कागदावर नाही. १९६८ च्या महापुरात, आणि उकाई धरण बांधून झाल्यावरही २००६ च्या ऑगस्टमध्ये, जेव्हा सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, तेव्हा नदी कोठे कोठे गेली ते काठच्या माणसांना ठाऊक आहे. पत्रकाला ठाऊक नाही. जो प्रदेश वर्षातून चार महिने निराळा असतो, त्याचे चित्र उरलेल्या आठ महिन्यांवरून काढले गेले, आणि तेच त्याचे कायमचे चित्र ठरले.

दुसरा प्रश्न उंचीचा. एक इंची पत्रकांवर समोच्चरेषा सामान्यतः पन्नास फुटांच्या अंतराने ओढलेल्या असत. सह्याद्रीच्या घाटात हे अंतर पुरेसे आहे. तेथे कागद तपकिरी रेषांनी भरून जातो. पण सुरतेचा सारा सखल प्रदेश समुद्रसपाटीपासून पहिल्या पन्नास फुटांच्या आतबाहेर आहे. म्हणून समुद्रापासून आत येताना मैलोगणती एकही तपकिरी रेघ लागत नाही. कोठे कोठे एखादा उंचीचा आकडा तेवढा भेटतो. या प्रदेशात पुराचे पाणी घरात शिरेल की उंबऱ्याशी थांबेल हे पाच-सहा फुटांवर ठरते, आणि हे पाच-सहा फूट पत्रकाच्या भाषेत सांगताच येत नाहीत. पुढे मेट्रिक पद्धतीची १:५०,००० पत्रके आली, तेव्हा हे अंतर सामान्यतः वीस मीटरांचे झाले, म्हणजे किनाऱ्यापुरते मौन अधिकच वाढले. दोष मोजणाऱ्यांचा नव्हे. डोंगरासाठी घडवलेली भाषा चिखलावर वापरली गेली, एवढाच याचा अर्थ. पण कोऱ्या कागदाला सपाट व निर्धोक जमीन समजणारा नगररचनाकार जेव्हा पुढे येतो, तेव्हा त्या मौनाची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. सुरतेच्या लिंबायत भागात ‘मीठी खाडी’च्या काठी कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्या आहेत, पावसाळ्यात तेथे ‘खाडीपूर’ येतो आणि घरातले सामान माळ्यावर चढवावे लागते. या वस्त्यांत मराठी बोलणारी माणसे पुष्कळ आहेत. जुन्या पत्रकात खाडी म्हणून जी निळी नागमोडी रेघ दिसते, तिच्या दोन्ही बाजूंस पाण्याने पसरण्यासाठी राखलेली जागाही होती. ती जागा रेघेने सांगितली नाही, म्हणून ती रिकामी मानली गेली.

तिसरा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे: जमीन कोठे संपते? समुद्राचा तक्ता काढणारा पाण्याची खोली सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजतो, कारण गलबत तळाला लागू नये ही त्याची चिंता. जमिनीचा नकाशा काढणारा उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतो आणि किनाऱ्याची रेघ भरतीच्या पाण्यावरून ओढतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण या दोघांच्या मध्ये जो पट्टा उरतो, जो दिवसातून दोनदा समुद्र होतो आणि दोनदा जमीन, त्याचा खरा जाणकार यांपैकी कोणीच नसतो. कोकणातल्या एखाद्या खडकाळ किनाऱ्यावर हा पट्टा चार पावलांचा असेल. खंबातच्या आखातात भावनगरच्या बाजूस उधाणाची भरती दहा मीटरांच्या घरात चढते, आणि जमीन तर जवळजवळ सपाट आहे. तेथे हा पट्टा मैलांत मोजावा लागतो. नकाशावर त्याला बारीक ठिपके व गवताच्या तुऱ्यांसारखी चिन्हे मिळतात. तिवरांचे बन, खेकड्यांची बिळे, निवट्या पकडणाऱ्यांच्या वाटा, मीठ पिकवणाऱ्यांची आगरे, होड्या ओढण्याच्या जागा, या सगळ्यांचे मिळून एकच चिन्ह: दलदल.

सुवाळीचे उदाहरण घ्यावे. याच चिखलाच्या व वाळूच्या दांड्यांमागे एक खोल, आडोशाची जागा होती, म्हणून सतराव्या शतकात मोठी गलबते सुरतेच्या नदीत न शिरता तेथे नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज व पोर्तुगीज यांची झुंज तेथे झाली. १६१५ साली सर टॉमस रो तेथेच उतरला. पुढे बाहेरचे पाणी गाळाने भरत गेले आणि सुवाळीचे बंदर ओस पडले. ज्या गावामुळे सुरत जगाच्या व्यापारात चढली, ते गाव पत्रकावर इतर गावांसारखे एक गाव उरले. किनाऱ्याच्या स्थैर्यावर भरवसा ठेवणाऱ्याने एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

चौथा प्रश्न नावांचा. सर्वेक्षण विभागाने गावांची नावे रोमन लिपीत बसवण्यासाठी एक ठराविक पद्धत वापरली. त्या पद्धतीच्या छापील रूपात ळ आणि ल, ड आणि द, ण आणि न यांचे भेद टिकत नाहीत. मराठी व कोकणी कानाला हे भेद म्हणजे शब्दाचा प्राण आहे. त्याहून मोठी हानी अशी की, गावाचे नाव तेवढे कागदावर चढले, गावाच्या भागांची नावे चढली नाहीत. किनाऱ्यावरचा माणूस चिखलाच्या प्रत्येक पट्ट्याला, प्रत्येक बांधाला, खाडीच्या प्रत्येक वळणाला नाव देतो, आणि त्या नावातच हक्काची नोंद असते: कोणाचा जाळे टाकण्याचा मान, कोणाचे आगर, कोणाची वहिवाट. आपल्या ताम्रपटांत व खरेदीखतांत ‘चतुःसीमा’ लिहिण्याची रीत आहे: पूर्वेस अमुकाचे शेत, पश्चिमेस अमुक ओढा. ही चतुःसीमा म्हणजे शब्दांत लिहिलेला नकाशाच होय. आजही खतातील क्षेत्रफळ व चतुःसीमा यांत विसंगती आढळली, तर सर्वसाधारणपणे चतुःसीमेला अधिक वजन देण्याकडे आपल्या न्यायालयांचा कल असतो. मोजमापापेक्षा शेजाऱ्यांची साक्ष भरवशाची, हे कायद्यानेही ओळखले आहे. पत्रकात मात्र शेजारी नाहीत.

एका बाबतीत मात्र पत्रकांचा हात मुळीच डळमळत नाही, आणि ती बाब म्हणजे राज्याची हद्द. कामरेज व कठोर गायकवाडांचे, चोऱ्यासी व सुरत इंग्रजांचे. संस्थानी व खालसा मुलूख येथे एकमेकांत गुंतलेले होते. ज्या सीमा करारांनी, चौथाईच्या हिशेबांनी व दरबारी पत्रव्यवहाराने ठरल्या, त्या ठसठशीत तुटक रेघांनी उमटतात. ज्या सीमा चंद्र व वारा ठरवतो, त्या ठिपक्यांवर निभावतात. नकाशा कोणासाठी काढला गेला, याचे उत्तर यात आहे. महसूल व बंदोबस्त यांना जे हवे ते ठळक झाले, बाकीचे फिके राहिले. विशेष हे की, त्या ठळक हद्दी १९४९ साली एका दिवसात पुसल्या गेल्या, आणि फिके ठिपके आजही तेथेच आहेत.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर आमच्या व्यवसायात आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम ८३ असे होते की, सरकारच्या अधिकाराने तयार झालेला म्हणून दिसणारा नकाशा न्यायालयाने तसाच व अचूक आहे असे गृहीत धरावे. एखाद्या वादासाठी मुद्दाम काढलेल्या नकाशाची अचूकता मात्र सिद्ध करावी लागे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ८२ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. आता याची सांगड दुसऱ्या एका कायद्याशी घालून पाहा. मुंबई जमीन महसूल संहिता, १८७९ च्या कलम ३७ प्रमाणे भरतीच्या खुणेखालील समुद्राचा, बंदराचा व खाडीचा तळ, इतरांचे हक्क शाबीत होत नसतील तेथवर, सरकारची मालमत्ता ठरतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेचे कलम २० त्याच वाटेने जाते. म्हणजे किनाऱ्यावर ओढलेली भरतीरेषा ही भूगोलाची रेघ तर आहेच, शिवाय ती मालकीची रेघ आहे. रेषेच्या पलीकडे जो पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आला, त्याने आपला हक्क सिद्ध करावा. सरकारी नकाशाने मात्र काही सिद्ध करावयाचे नाही. हे गृहीतक खंडनीय आहे हे खरे. पण खंडन करण्यास लागणारा कागद कोळ्याकडे नसतो, आणि त्याच्याकडे जे ज्ञान असते ते कागदावर नसते.

किनारा नियमनाच्या अधिसूचना आल्या, १९९१ ची, २०११ ची आणि २०१९ ची, तेव्हा या रेषेचे महत्त्व आणखी वाढले. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जेथवर पोचते ती भरतीरेषा. तिच्यापासून मोजून कोठे बांधावे व कोठे बांधू नये हे ठरते. नद्यांच्या व खाड्यांच्या बाबतीत २०११ च्या अधिसूचनेने असे सांगितले की, भरतीचा प्रभाव कोठवर मानायचा हे पाण्याच्या खारेपणावरून, हजारी पाच भाग या प्रमाणावरून, आणि तेही वर्षातील सर्वांत कोरड्या काळात मोजून ठरवावे. २०१९ मध्येही तीच कसोटी राहिली. हा निकष शास्त्रीय आहे. पण कामरेजला तो लावून पाहिला म्हणजे त्याची मर्यादा कळते. विसाव्या शतकाच्या आरंभीचे कोश व गॅझेटियर तापीचे शेवटचे बत्तीस मैल भरतीचे आहेत असे सांगत. १९९५ साली सुरतेजवळ सिंगणपोर येथे नदीवर बंधारा झाला. खारे पाणी खाली अडले, वर गोडे पाणी साठले, आणि शहराची तहान भागली. बंधारा आवश्यकच होता. परंतु ज्या गावाला जुने विद्वान आखाताच्या तोंडाशी बसवीत होते, त्या कामरेजचा समुद्राशी असलेला नदीवाटेचा संबंध एका बांधकामाने संपला. समुद्र हटला नाही, कायद्याच्या दृष्टीतला समुद्र हटला. उद्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदीकाठी कोणी काय बांधावे, याचा विचार किनाऱ्याच्या नियमांनी होणार नाही. पण २००६ सारखे पाणी आले तर ते अधिसूचना वाचून येणार नाही.

गोमंतकातील वाचकांना हे सारे ओळखीचे वाटेल. तेथील खाजन म्हणजे बांध, मानस व आतली शेती यांची एकत्र यंत्रणा. मानसाची दारे भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. कोकणात रायगडच्या खारजमिनींत उघाडी हेच काम करते. गावकारीने शतकानुशतके ही यंत्रणा जपली. २०११ च्या अधिसूचनेने खाजनांना वेगळे संरक्षण देऊन तेथे विकासकामांना मनाई केली. परंतु किनारा व्यवस्थापन आराखड्याचे मसुदे जेव्हा गोव्यात लोकांपुढे आले, तेव्हा २०२१ च्या सुनावण्यांत गावोगावच्या लोकांची मुख्य तक्रार हीच होती की, आमचे बांध, मानशी, वाळूच्या टेकड्या व खाजने नकाशावर नीट उमटलेली नाहीत. संरक्षण कायद्यात असून भागत नाही. ज्याला संरक्षण द्यायचे ते नकाशावर असावे लागते. उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेल्या आधुनिक नकाशातही ही उणीव राहते, कारण उपग्रहाला पाणी दिसते, तिवर दिसते. मानस कोणी उघडायचा, हे दिसत नाही.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. स्वातंत्र्यानंतर दीर्घ काळ सरहद्दीच्या व किनारपट्टीच्या सविस्तर नकाशांवर संरक्षणाच्या कारणास्तव निर्बंध होते. गावच्या किनाऱ्याचे पत्रक गावकऱ्याला मिळणे दुरापास्त होते. तोच प्रदेश १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने छापलेल्या १:२,५०,००० च्या पत्रकांवर टेक्ससच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुढे कोणालाही पाहता येऊ लागला. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुली मालिका व संरक्षण मालिका असे दोन भाग केले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी निर्बंध पुष्कळ सैल केले. हे बदल स्वागतार्ह आहेत. पण मधल्या काळात जे किनारे बदलले, जी खाजणे भरली गेली, त्या काळात ज्यांचे हित गुंतलेले होते त्यांच्या हाती पुरावा नव्हता, याची नोंद टीकाकाराने ठेवली पाहिजे. ज्या ग्रंथाचे वाचक निवडून ठेवलेले असतात, त्या ग्रंथावर खरी टीका होऊच शकत नाही.

आमचे मत आता थोडक्यात सांगतो. तापीमुखाची ही जुनी पत्रके प्रामाणिक आहेत, कष्टाने घडलेली आहेत, आणि आपल्या प्रकारात उत्तम आहेत. त्यांतला दोष असत्याचा नाही. कोरड्या ऋतूत, महसुलासाठी, पन्नास फुटांच्या मापाने आणि परक्या लिपीत सांगितलेले सत्य त्यांत आहे. त्यांना सरसकट खोटे ठरवणारा आणि त्यांच्यापुढे हात जोडणारा, दोघेही वाचनाचा कंटाळा करतात. पत्रकाच्या कोपऱ्यात सर्वेक्षणाचा हंगाम व वर्ष छापलेले असते. वाचन तेथून सुरू करावे. वर्ष पाहावे, समोच्चरेषांचे अंतर पाहावे, किनाऱ्याची रेघ कोणत्या पाण्याची आहे ते पाहावे, आणि मगच ते पत्रक कोणाच्याही विरुद्ध किंवा बाजूने दाखल करावे.

यापुढचे काम मात्र टीकाकाराचे नाही. उधाणाचे पाणी आपल्या कोणत्या बांधाला लागते, भांगाच्या दिवसांत कोठवर येते, १९६८ ला व २००६ ला ते कोणत्या पायरीवर होते, कोणत्या खाजणाला काय म्हणतात व तेथे कोणाची वहिवाट आहे, हे तारीख-तिथीसह लिहून ग्रामसभेच्या ठरावात घालण्यास मोजणीचे यंत्र लागत नाही. असा ठराव सरकारी नकाशासारखा आपोआप गृहीत धरला जाणार नाही. पण त्यावर साक्ष देता येते, आणि आराखड्याच्या मसुद्यावर हरकत घेताना तो जोडता येतो. किनारा आराखड्यांवर लोकांच्या सूचना व हरकती मागवल्याच पाहिजेत असे कायदा सांगतो, आणि त्या मागवल्या जातात तेव्हा मुदत थोड्या दिवसांची असते. कामरेजच्या नदीकाठी, लिंबायतच्या खाडीकाठी आणि मांडवीच्या मुलखातील खाजनांवर हे पाणी पाहिलेली वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांची जबानी त्यांच्या हयातीत लिहून घ्यावी, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.